आदित्य-एल१चा डेटा उतरवून घ्यायचा, जपायचा आणि खुला ठेवायचा तर

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या खगोल मंडळाने विचारलं आहे: सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल१ यानाचा डेटा उतरवून मंडळाचा स्वतःचा संग्रह उभा करायचा आहे, आणि तो विदर्भातल्या शाळा-महाविद्यालयांना ऑनलाइन वापरता यायला हवा. कुठून काय घ्यावं, किती जागा लागेल, कसं ठेवावं आणि चुका कुठे होतात?

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. संग्रह मोजमापांचा करायचा आहे, चित्रांचा नाही. सूर्याचं लालभडक जेपीजी चित्र भिंतीवर लावायला छान, पण त्यात प्रत्येक ठिपक्याला जास्तीत जास्त २५६ छटा उरतात आणि वेळ, एक्सपोजर (प्रकाश किती वेळ आत घेतला), दिशा, अंतर हे सगळं गळून गेलेलं असतं. त्यावरून सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका, किती पटीने उजळली हे कोणालाही काढता येणार नाही. शास्त्रीय डेटा असतो फिट्स फाइलीत: आधी हेडर, मग आकडे. हेडर साध्या अक्षरांत असतं, ८० अक्षरांची एक ओळ आणि अशा ३६ ओळींचा २८८० बाइटचा एक ठोकळा. या २८८०चा लगेच उपयोग होतो. उतरवलेल्या, दाबून लहान न केलेल्या फिट्स फाइलीच्या आकाराला २८८०ने पूर्ण भाग जात नसेल, तर डाउनलोड अर्धवट तुटलं आहे. फाइल उघडायचीही गरज नाही.

आता डेटा कुठे आहे ते. आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ला पीएसएलव्ही-सी५७वरून निघालं, ६ जानेवारी २०२४ला सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं आणि बरोबर वर्षाने, ६ जानेवारी २०२५ला, त्याच्या डेटाचा पहिला संच सर्वांसाठी खुला झाला. यानाकडून येणारा डेटा बंगळुरूजवळ ब्यालालू इथल्या इस्रोच्या भारतीय अवकाशविज्ञान डेटा केंद्रात जमतो आणि त्यांच्या 'प्रदान' या पोर्टलवरून मिळतो. नोंदणी मोफत आहे, पण करावीच लागते. मोहीम, उपकरण, तारखा आणि डेटाची पातळी निवडायची आणि फाइली उतरवायच्या. नोंदणी विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर करू नका. महाविद्यालयाच्या पत्त्यावर करा, त्याचं कारण शेवटी येईल.

यानावर सात उपकरणं आहेत. चार सूर्याकडे बघतात, तीन जागच्या जागी सौरवारा (सूर्यातून सतत वाहणारे विद्युतभारित कण) आणि चुंबकीय क्षेत्र मोजतात. सातांचा डेटा एकदम उतरवायचा मोह आवरा. सुरुवात सोलेक्सपासून करा. ते २ ते २२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधले मृदू क्ष-किरण सेकंदासेकंदाला मोजतं. यात प्रतिमा नसते, नुसती मोजणी असते. त्यामुळे फाइली लहान, आणि बारावीच्या विद्यार्थ्यालाही आलेख काढून ज्वाला ओळखता येते. एकच सांभाळायचं: सोलेक्समध्ये दोन शोधक आहेत, एकाचं तोंड मोठं, दुसऱ्याचं अगदी बारीक. मोठ्या तोंडाचा शोधक शांत सूर्यासाठी आणि लहान ज्वालांसाठी. मोठ्या ज्वालेत त्याच्यावर इतके फोटॉन एकदम आदळतात की मोजणी खोटी होते, आलेखाचं शिखर चपटं किंवा वेडंवाकडं दिसतं. तिथे बारीक तोंडाच्या शोधकाची फाइल घ्यायची. ज्वाला केवढी येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून संग्रहात दोन्ही ठेवा.

त्यानंतर सूट, म्हणजे पुण्याच्या आयुकात घडलेली अतिनील दुर्बीण. २०० ते ४०० नॅनोमीटर, ११ फिल्टर, ४०९६ गुणिले ४०९६ ठिपके. व्हेल्क सगळ्यात शेवटी. सूर्यबिंब झाकून करोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, बघणाऱ्या या उपकरणात विखुरलेला प्रकाश हाताळणं हा स्वतंत्र अभ्यास आहे, आणि तो न करता काढलेले निष्कर्ष फसवे असतात.

जागेचा हिशेब कागदावर करून मगच डिस्क घ्या. ४०९६च्या चौरसात १ कोटी ६७ लाख ठिपके. प्रत्येकाला दोन बाइट धरले तर एक प्रतिमा सुमारे ३३.५ मेगाबाइट. कॅलिब्रेशननंतर, म्हणजे उपकरणाचे दोष काढल्यावर, आकडे दशांशांत, चार बाइटचे झाले की ६७. शंभर पूर्ण प्रतिमा म्हणजे पावणेसात गिगाबाइट. तुलनेसाठी अमेरिकेच्या एसडीओ यानाची एआयए दुर्बीण घ्यायची म्हणाल, आणि घ्यावीच, तर ती दर १२ सेकंदांनी प्रतिमा घेते: एका तरंगलांबीच्या दिवसाला ७२००. दाबलेली फाइल दहा मेगाबाइटच्या आसपास धरली तरी ७२ गिगाबाइट. महाविद्यालयाची १०० मेगाबिटची लाइन एरवी पूर्ण मोकळी असली तरी तेवढ्याला दीड तासावर वेळ जातो, आणि दुपारी ती मोकळी कधीच नसते. म्हणून 'पूर्ण वर्ष' असं न ठरवता घटना ठरवा. प्रत्येक घटनेच्या आधीचा एक तास, नंतरचे दोन तास, आणि शांत सूर्याचा रोज एक नमुना. अशा वीस-पंचवीस घटना चार टेराबाइटच्या डिस्कवर सुखाने मावतात आणि शिकवायला वर्षानुवर्षं पुरतात.

घटना निवडताना पहिला खड्डा लागतो तो घड्याळाचा. डेटातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते (पुढे नुसतं 'प्रमाणवेळ' म्हटलं की हीच), भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. म्हणजे फाइलीतला दिवस नागपुरात पहाटे साडेपाचला सुरू होतो. २२ फेब्रुवारी २०२४ची एक्स६.३ ज्वाला घ्या (एक्स हा ज्वालांचा सगळ्यात जोरदार वर्ग). तिचं शिखर प्रमाणवेळेनुसार रात्री १०:३४ला. नागपूरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तेव्हा २३ तारीख उजाडायला आली होती, पहाटेचे ४:०४. वर्तमानपत्रातली तारीख बघून २३चा फोल्डर उघडणाऱ्याला तिथे काहीच सापडणार नाही. उलट १४ मे २०२४ची एक्स८.७ ज्वाला दोन्ही घड्याळांत १४लाच आहे, प्रमाणवेळ ४:५१ दुपारी, आपल्याकडे रात्री १०:२१. सगळी फोल्डरं प्रमाणवेळेनेच लावा, भारतीय वेळ फक्त वर्णनात लिहा, आणि हे फोल्डरच्या पहिल्या पानावर ठळक सांगा. फाइलीच्या नावात वेळ बदलायचा उद्योग कोणालाही करू देऊ नका.

घड्याळाचे आणखी दोन बारकावे आहेत. एसडीओच्या काही डेटामालिका आणवीय वेळ (अणुघड्याळांची वेळ) वापरतात, जी २०१७च्या सुरुवातीपासून प्रमाणवेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे. १२ सेकंदांच्या प्रतिमांमध्ये ३७ सेकंद म्हणजे तीन प्रतिमांची चूक. आणि आदित्य पृथ्वीपेक्षा सूर्याला १५ लाख किलोमीटर जवळ आहे, त्यामुळे प्रकाश त्याच्याकडे ५ सेकंद आधी पोहोचतो. सोलेक्सची सेकंदाची मोजणी पृथ्वीजवळच्या अमेरिकी गोज उपग्रहाच्या क्ष-किरण मोजणीशेजारी मांडली की हा फरक दिसतो. तो घड्याळातला दोष समजून 'दुरुस्त' केलेला आलेख संग्रहात शिरू देऊ नका. हेच अंतर कापायला सौरवाऱ्याला तासभर लागतो: सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने १५ लाख किलोमीटर म्हणजे ३७५० सेकंद. यानावरच्या चुंबकमापीचा डेटा अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतल्या नोंदींशी जुळवून बघणाऱ्यांनी तेवढी सरक धरलीच पाहिजे. ती ठरावीक नसते, वाऱ्याच्या त्या दिवसाच्या वेगावर ठरते.

याच १५ लाख किलोमीटरांमुळे प्रतिमांमध्येही एक चूक हमखास होते. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, आदित्य त्याच्या एक टक्का जवळ, म्हणून आदित्यला सूर्य एक टक्का मोठा दिसतो. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. एआयएच्या प्रतिमेत सूर्याची त्रिज्या सुमारे १६०० ठिपके असते, त्याचा एक टक्का म्हणजे कडेला १६ ठिपक्यांचा फरक. केंद्र जुळवून दोन चित्रं एकमेकांवर ठेवली की मध्यावरचा सौरडाग बरोबर बसतो आणि कडेचा घसरतो. मग विद्यार्थी म्हणतात की डाग हलला. फरक हाताने चित्र ताणून मिटवायचा नाही. हेडरमध्ये निरीक्षकापासून सूर्याचं अंतर, ठिपक्याचा कोनीय आकार, संदर्भठिपका आणि फिरकीचा कोन दिलेला असतो. पायथनमधल्या सनपाय या ग्रंथालयाला हेडर जसंच्या तसं द्या, ते एका निरीक्षकाच्या दृष्टीतून दुसऱ्याच्या दृष्टीत प्रतिमा बसवून देतं. अट एकच, हेडर शाबूत हवं. फाइल चित्र-संपादकात उघडून पुन्हा साठवली की हेडर गेलं, आणि संग्रहाच्या दृष्टीने ती फाइल मेली.

उभ्या-आडव्याचंही सांगून ठेवतो. फिट्समध्ये पहिला ठिपका खाली डावीकडे असतो, साध्या चित्रात वर डावीकडे. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामला हे सांगितलं नाही तर सूर्य उलटा होतो, उत्तर दक्षिणेत जाते. तपासायला सोपी खूण: मे २०२४चा प्रचंड डागसमूह, क्रमांक १३६६४, दक्षिण गोलार्धात होता. तुमच्या चित्रात तो वरच्या अर्ध्यात दिसला तर चित्र उलटं आहे. शाळेतल्या दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेलं बिंबही उलटसुलट असतं, त्यामुळे वर्गात दोन्ही शेजारी ठेवली की गोंधळ दुप्पट. संग्रहातल्या प्रत्येक नमुनाचित्रावर उत्तर आणि पूर्व दाखवणारे बाण असलेच पाहिजेत. आणि आकाशातली पूर्व चित्रात डावीकडे येते, नकाशासारखी उजवीकडे नाही.

दाबलेली फिट्स फाइल उघडल्यावर 'आत काहीच नाही' अशी तक्रार येईल. अशा फाइलीत पहिला भाग रिकामा असतो आणि प्रतिमा दुसऱ्यात असते, इतकंच.

आता आकड्यांच्या अर्थाकडे. कच्चा आकडा म्हणजे प्रकाश नव्हे. तो एक्सपोजरवर अवलंबून असतो. एआयएमध्ये ज्वालेच्या वेळी एक्सपोजर आपोआप कमी होतं, नाहीतर शोधक भरून वाहील. एक्सपोजरने भागाकार न करता आलेख काढला, तर ज्वाला ऐन शिखरावर असताना उरलेला सूर्य एकदम मंद झाल्यासारखा दिसतो. हा आलेख घेऊन 'नवा शोध' लावणारे दरवर्षी भेटतात. दुसरी गोष्ट उपकरणाच्या वयाची. एसडीओ फेब्रुवारी २०१०मध्ये उडालं. त्याच्या ३०४ अँगस्ट्रॉम वाहिनीची संवेदनशीलता पहिल्या काही वर्षांतच खूप घसरली. २०१०चे आणि २०२४चे कच्चे आकडे शेजारी ठेवले तर सूर्यच विझत चालला आहे असं वाटेल. दुरुस्तीचे गुणक प्रसिद्ध होतात आणि ते अधूनमधून सुधारलेही जातात. म्हणून नुसतं 'कॅलिब्रेट केलं' असं लिहून भागत नाही. कोणत्या आवृत्तीचे गुणक, कोणत्या तारखेला, ग्रंथालयाची कोणती आवृत्ती, हे तिन्ही लिहा.

पातळ्यांच्या नावांवरही विसंबू नका. ढोबळमानाने पातळी शून्य म्हणजे यानाकडून आलेले कच्चे पुडके, एक म्हणजे उपकरणाचे दोष काढून लावलेल्या फाइली, दोन म्हणजे त्यावरून काढलेल्या भौतिक राशी. पण प्रत्येक उपकरणाचा चमू ही रेघ वेगळ्या ठिकाणी मारतो. एआयएची पातळी एकची प्रतिमा अजून नीट फिरवलेली, एका मापाला आणलेली नसते. ते काम दीडव्या पातळीत होतं. दुसऱ्या उपकरणाच्या 'एक'मध्ये ते आधीच झालेलं असू शकतं. उपकरणासोबतची माहितीपुस्तिका त्याच फोल्डरात ठेवा, ज्या दिवशी डेटा उतरवला त्या दिवशीची प्रत.

फोल्डरांची मांडणी साधी ठेवा: मोहीम, उपकरण, पातळी, वर्ष, महिना, दिवस. मूळ फाइलीचं नाव कधीही बदलू नका, त्यात वेळ, फिल्टर आणि बहुधा आवृत्तीही कोंबलेली असते. मूळ फाइली फक्त वाचता येतील अशा परवानगीने ठेवा. विद्यार्थ्यांनी बनवलेलं सगळं वेगळ्या फोल्डरात. उतरवल्या उतरवल्या प्रत्येक फाइलीचा शा-२५६ अंगठा (फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण) काढून एका साध्या मजकुराच्या यादीत लिहा: नाव, आकार, अंगठा, कुठून आणला, कधी. दर तीन महिन्यांनी अंगठे पुन्हा काढून यादीशी जुळवा. डिस्कवरचा एखादा बिट उलटला तरी फाइल निमूट उघडते, चित्रही दिसतं, एखाद्याच ठिपक्याचा आकडा चुकलेला असतो. अंगठ्याशिवाय ते कळायला मार्ग नाही.

पुन्हा प्रक्रिया झालेली नवी आवृत्ती मूळ केंद्राकडून येतेच. तेव्हा जुनी पुसू नका. जुन्या आवृत्तीवर कोणाचा प्रकल्प उभा असेल तर त्याचे आकडे पुन्हा काढून बघता आले पाहिजेत. जागा कमी पडली तर किमान जुन्या यादीची ओळ तरी शिल्लक ठेवा.

किती प्रती आणि कुठे, हे आता बोलू. २६ नोव्हेंबर २०२४ला स्टॅनफर्ड विद्यापीठात, जिथे एसडीओच्या एआयए आणि एचएमआय या उपकरणांचा डेटा हाताळला जातो, थंड पाण्याची नळी फुटली आणि सर्व्हरच्या खोलीत पाणी भरलं. जगभरच्या सौरशास्त्रज्ञांचा रोजचा डेटा अडकला. जिथे इतरत्र आरसाप्रती, म्हणजे जशाच्या तशा प्रती, होत्या तिथलं काम चालू राहिलं. नागपूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२३च्या रात्री काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि सकाळी तळमजले पाण्यात होते. तेव्हा पहिला नियम: कोणतीही प्रत तळमजल्यावर नाही. दुसरा: दोन प्रती एका इमारतीत नाहीत. एक प्रयोगशाळेत चालू यंत्रावर, दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला सहकारी महाविद्यालयात वरच्या मजल्यावर. तिसरी प्रत मूळ केंद्रात आहे असं मानू शकता, म्हणूनच यादीत 'कुठून आणला' हवं.

नागपूरचा मे महिना डिस्कचा शत्रू आहे. बाहेर पारा ४५वर गेला की बंद खोलीतली डिस्क हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी तापते आणि बहुतेक हार्ड डिस्कची ६० अंशांची मर्यादा गाठते. कूलर लावून प्रश्न सुटत नाही, वाढतो. खसाच्या ताट्यांतून येणारी गार हवा ओली असते. तिच्या झोतात ठेवलेल्या यंत्रावर ओल आणि धूळ मिळून थर बसतो, जोडण्या गंजतात. वातानुकूलित खोली असेल तिथेच यंत्र ठेवा, नसेल तर एप्रिल-मेमध्ये ते रात्रीच चालवा. डिस्कचं स्वतःचं तापमान दाखवणारा प्रोग्राम लावा आणि ५५ला इशारा येऊ द्या. वीज जाते-येते त्या क्षणी लिहिणं चालू असेल तर फाइली मोडतात, म्हणून यूपीएस हवंच, आणि बॅटरी संपत आली की यंत्र आपोआप नीट बंद होईल अशी जोडणी करा. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी घेऊ नका. वीज न मिळता गरम खोलीत महिनोन्महिने पडलेल्या एसएसडीतला साठा क्षीण होतो. साधी हार्ड डिस्क घ्या, वर्षातून दोनदा चालवा.

खुलं करताना एक महत्त्वाचा फरक करा. मूळ फाइलींची आरसाप्रत परस्पर जाहीर करू नका. 'प्रदान'वरच्या वापराच्या अटी वाचा, श्रेय कोणत्या शब्दांत द्यायचं ते त्यातून जसंच्या तसं घ्या, आणि पुनर्वितरण करायचं असेल तर लेखी विचारा. ज्याला परवानगीची वाट बघावी लागत नाही आणि ज्याचा उपयोगही जास्त, ते आधी खुलं करा: घटनांची यादी, प्रत्येक घटनेच्या मूळ फाइलींची नावं आणि अंगठे, त्या फाइलींवरून आलेख काढणारा प्रोग्राम, आणि तुम्ही काढलेले आकडे साध्या तक्त्यात. हे झेनोडोवर ठेवता येतं. युरोपच्या सर्न संस्थेने चालवलेली ती मोफत जागा आहे, एका नोंदीला साधारण ५० गिगाबाइट मिळतात आणि डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. महाविद्यालयाचं संकेतस्थळ दर दोन-तीन वर्षांनी नव्याने बांधलं जातं आणि जुने दुवे तुटतात. डीओआय तुटत नाही.

तक्त्याच्या प्रत्येक स्तंभाला एकक द्या, रिकाम्या मोजणीच्या जागी शून्य लिहू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि काही आलं नाही. न मोजलेलं वेगळ्या खुणेनेच दाखवायचं, नाहीतर यान कॅलिब्रेशन करत असतानाचा खंड कोणीतरी 'शांत सूर्य' म्हणून सरासरीत धरेल. सोबत मराठीत वर्णनपत्र लिहा. नववीच्या मुलीला कळेल असं पहिलं पान, आणि संशोधकाला लागेल ते पुढे. पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

याला कोणी वापरेल का, ही शंका रास्त आहे. सोहो यान डिसेंबर १९९५मध्ये उडालं. त्याच्या लॅस्को उपकरणाच्या प्रतिमा पहिल्यापासून खुल्या राहिल्या, आणि त्यांत सापडलेल्या धूमकेतूंची संख्या मार्च २०२४मध्ये पाच हजारांवर गेली. त्यांतले बहुसंख्य हौशी मंडळींनी घरच्या संगणकावर शोधले आहेत. त्यांना हे जमलं कारण प्रतिमांवर वेळ आणि दिशा बिनचूक होती. एखादा ठिपका सलग चार चित्रांत सरळ रेषेत सरकतो आहे का, हे त्याशिवाय ठरवताच आलं नसतं.

जाहीर करण्याआधी एक चाचणी घ्या. संग्रहाच्या कामात अजिबात नसलेल्या एका विद्यार्थिनीला रिकामा संगणक आणि फक्त वर्णनपत्र द्या. २२ फेब्रुवारीच्या ज्वालेचा आलेख तिने कोणालाही न विचारता काढायचा. ती जिथे अडेल, जे विचारेल, ते सगळं वर्णनपत्रात लिहा आणि दुसऱ्या मुलावर पुन्हा चाचणी घ्या. तीन फेऱ्यांत पत्र बरंच नीट होतं.

आणि ईमेलचं. महाविद्यालयातले संग्रह डिस्क जळून जेवढे बुडतात, त्याहून जास्त पासवर्ड हरवून बुडतात. काम उभं करणारी मुलं तिसऱ्या वर्षानंतर पुण्याला, बंगळुरूला जातात आणि 'प्रदान'चं खातं, झेनोडोचं खातं, सर्व्हरची किल्ली त्यांच्याबरोबर जाते. तिन्ही खाती विभागाच्या पत्त्यावर उघडा. पासवर्ड एक शिक्षक आणि विभागातला एक कायम कर्मचारी यांच्याकडे राहू द्या, लिफाफ्यात बंद, विभागाच्या कपाटात. दर जूनमध्ये नवी तुकडी आली की जुन्या तुकडीच्या देखत तो लिफाफा उघडून तिन्ही खात्यांत शिरून बघा, दुसऱ्या टोकाच्या प्रतीतून एक फाइल परत आणा, अंगठा जुळवा, पासवर्ड बदला आणि नवा लिफाफा बंद करा.